कुलाबा ते अलिबाग: यंत्रे बदलली, नोंद अखंड राहिली

अलिबागला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजले तर ते सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला भरते. शांत दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्यात जो चढ दिसतो तो चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा, म्हणजे साधारण हजारात एक भाग. फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या चुंबकाचे क्षेत्र अगदी त्याच्या अंगालगत पाहिले, तर ते पन्नास लाख नॅनोटेस्लांच्या घरात जाते. हा हजारातला एक भाग नेमका पकडायचा, तोही रोज, रात्रंदिवस, पिढ्यान्‌पिढ्या, आणि भोवतीच्या खिळ्यामोळ्यांची, तारांची, वाहनांची लुडबुड त्यात होऊ द्यायची नाही. कुलाब्याच्या वेधशाळेने, पुढे अलिबागच्या वेधशाळेने आणि आज भारतीय भूचुंबकत्व संस्थानाने अंगावर घेतलेले काम ते हेच.

२०२६ साली कुलाबा वेधशाळेच्या स्थापनेला २०० वर्षे होत आहेत. संचालकांची यादी आणि इमारतींची जंत्री देऊन या संस्थेचा इतिहास लिहिता येईल, पण तो अपुरा राहील. तिचा इतिहास तिच्या उपकरणांत आहे. पंधरा इंची पोलादी पट्टीपासून मुठीत मावणाऱ्या संवेदकापर्यंत उपकरणे लहान होत गेली, हळवी होत गेली. मात्र नवे आले म्हणून जुने लगेच मोडीत काढले असते, तर हाती नुसत्या सुट्यासुट्या आकड्यांच्या वह्या उरल्या असत्या. दोन्ही शेजारी चालवून पाहायची, त्यांच्यातला फरक मोजायचा आणि मगच पुढे जायचे, ही शिस्त पाळली गेली म्हणून आज या नोंदींना जगात मोल आहे. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि पुढचे सारे लिहिणे त्याच धाग्याने आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती चुंबकत्वासाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांची कालमापके बिनचूक लावून देणे आणि त्यासाठी आकाशाचे वेध घेणे, हा तिचा हेतू होता. चुंबकीय वेध सुरू झाले १८४१ साली, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हातून. युरोपात त्या वेळी या विषयाने जोर धरला होता. ग्योटिंगेनच्या गाउसने १८३२ साली चुंबकीय क्षेत्राची तीव्रता लांबी, वस्तुमान आणि काळ या मूळ मापांत मोजण्याची रीत दाखवली. टांगलेल्या चुंबकाची आंदोलने मोजली की चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचे क्षेत्र यांचा गुणाकार कळतो. तोच चुंबक दुसऱ्या सुईजवळ नेऊन तिचे वळणे मोजले की त्यांचा भागाकार कळतो. दोन्ही हाती आले की चुंबक कुणाचा, कितपत जुना, हा प्रश्नच उरत नाही. मग गाउस आणि वेबर यांनी दूरदूरच्या वेधशाळांना एका सूत्रात बांधले. ठरलेल्या दिवशी सर्वांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी, एकाच क्षणी वाचन घ्यायचे. ब्रिटिशांनी टोरांटो, होबार्ट, सेंट हेलेना अशा ठिकाणी वेधशाळा काढल्या, आणि मुंबई त्या जाळ्यात आली.

या पहिल्या पिढीत आपली माणसे होती, हे सांगितलेच पाहिजे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी कुलाबा वेधशाळेचे काम पाहिले. पुढे गणिती म्हणून नावारूपाला आलेले केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच निरीक्षणाला होते. मराठी वाचक बाळशास्त्रींना वृत्तपत्रामुळे ओळखतो आणि केरूनानांना पंचांगाच्या वादामुळे. दोघांच्याही बुद्धीला रोजच्या मोजमापाची सवय या छोट्याशा वेधशाळेत लागली असेल, असे मानायला मला आवडते.

आता उपकरणांकडे येऊ. कुलाब्याला डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी घडवलेली उपकरणे होती. या घडणीत पोलादाची सुमारे पंधरा इंच लांब चुंबकीय पट्टी रेशमाच्या न पिळलेल्या धाग्यांवर टांगलेली असे. एक पट्टी मोकळी सोडलेली. ती चुंबकीय उत्तर दाखवी आणि तिच्यावरून दिक्पात, म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनचा कोन मिळे. दुसरी दोन समांतर धाग्यांवर टांगून, वरच्या टोकाला पीळ देऊन मुद्दाम पूर्व-पश्चिम धरून ठेवलेली; क्षितिजसमांतर बल कमीजास्त झाले की ती किंचित वळे. तिसरी अकीकाच्या तुकड्यांवर पोलादी धारेने तोललेली, उभ्या बलासाठी. प्रत्येक पट्टीला आरसा किंवा भिंग लावलेले, आणि काही फुटांवर दुर्बीण. निरीक्षक दुर्बिणीतून मापपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्री.

पट्टी एवढी मोठी घेण्यामागे गाउसचा विचार असा की जड चुंबक वाऱ्याच्या झुळकीने, धाग्याच्या पिळाने सहसा डळमळत नाही. पण मोठेपणाचे तोटेही होते. चुंबकाचा आकार सर्व बाजूंनी दहापट केला तर त्याची ताकद हजारपट होते, आणि एका चुंबकाचा शेजारच्याला होणारा त्रास अंतराच्या घनाने घटतो. त्यामुळे तीन मोठ्या पट्ट्या एका घरात बसवायच्या तर त्या दूरदूर ठेवाव्या लागत, आणि परस्परांचा परिणाम कटेल अशा जागा गणिताने शोधाव्या लागत. डब्लिनच्या हम्फ्री लॉइड यांनी हे गणित मांडून दिले होते. दुसरी अडचण वेगाची. आकार दहापट तर आंदोलनकालही दहापट. अशी लांब पट्टी एकदा हलली की सावकाश झुलत राहते, आणि क्षेत्रात झटकन झालेला बदल तिला कळेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. तिसरी उष्म्याची: पोलादी चुंबक तापला की क्षीण होतो. मुंबईच्या उन्हाळ्यात दुपारचा तापच क्षेत्राच्या घटीचा आव आणतो. म्हणून प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहायचे आणि दुरुस्ती करायची. उपकरणे लहान का व्हायला हवी होती, याची सारी कारणे या तीन अडचणींत आहेत.

आणि तरीही याच संथ, अवजड पट्ट्यांनी संस्थेला तिची सर्वांत प्रसिद्ध नोंद दिली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या डागांजवळ डोळे दिपवणारी प्रभा पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत कुलाब्याच्या पट्ट्या बिथरल्या. त्या काळी वेधशाळा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्याकडे होती. एरवी तासातासाने होणारे वाचन, खळबळ दिसली की पंधरा मिनिटांवर, गरज पडली तर पाच मिनिटांवर आणायचे, असा तिथला दंडक होता. तो पाळला गेला. क्षितिजसमांतर बल थोड्याच वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले, म्हणजे पूर्ण बलाच्या चार टक्क्यांहून अधिक. इंग्लंडमध्ये फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी उपकरणे तेव्हा होती, पण त्यांच्यावरची रेषा कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याचा माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसला होता, त्यामुळे तळाचा आकडा वहीत उतरला. हळवे उपकरण म्हणजे चांगले उपकरण, असे सरसकट म्हणणाऱ्याने हा दिवस आठवावा. उपकरणाला सूक्ष्म बदल कळायला हवेत, तसाच प्रचंड बदलही त्याच्या मापात बसायला हवा.

ही नोंद जवळजवळ दीड शतक छापील खंडात पडून होती. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थानाचे गुरबक्स लखीना, एस. अलेक्स आणि इतर सहकारी यांच्यासोबत ती उलगडून १८५९ च्या चुंबकीय वादळाचे मोजमाप मांडले, तेव्हा कुलाब्याचे नाव अवकाश-हवामानाच्या प्रत्येक अभ्यासकाच्या तोंडी आले. तासाची सरासरी घेतली तर घसरण बरीच कमी भरते, आणि ती नेमकी कशामुळे झाली यावर अजून चर्चा चालू आहे. ती चर्चा करणाऱ्या सगळ्यांना मात्र त्याच वहीकडे परत यावे लागते.

चार्ल्स चेंबर्स १८६५ पासून १८९६ पर्यंत कुलाब्याचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या दशकाच्या आरंभी, इथेही फोटोग्राफिक नोंद सुरू झाली. दिव्याची तिरीप चुंबकाच्या आरशावर पडे, तिथून परावर्तित होऊन फिरत्या नळकांड्यावरच्या संवेदनशील कागदावर उमटे. डोळ्याला तासातून एकदा दिसणारे आता सलग रेषेत दिसू लागले. निरीक्षकाचे काम संपले नाही, बदलले: कागद धुणे, वेळेच्या खुणा तपासणे, रेषेची उंची कोणत्या आकड्याशी जुळते ते स्वतंत्र मोजणीने ठरवणे. या शेवटच्या कामाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आजही वेधशाळेचा पाया तेच काम आहे.

१८९६ साली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा जन्म १८५९ चा, त्या मोठ्या वादळाच्या वर्षातलाच. त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो आधीच्या कोणाही प्रमुखासमोर आला नव्हता. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरत होते. ट्रामचा एकदिश प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. पण सगळा रुळांतून जात नाही, काही जमिनीत झिरपतो. एका लांब सरळ तारेतला शंभर अँपिअरचा एकेरी प्रवाह एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्लांचे क्षेत्र निर्माण करतो. रोजच्या नैसर्गिक चढउताराच्या हे जवळजवळ निम्मे झाले. शिवाय ट्राम थांबते, सुटते, वळते. म्हणजे हा त्रास स्थिरही नाही, की वजा करून टाकता येईल.

मूस यांनी शहराची ट्राम अडवण्याऐवजी वेधशाळेला नवी जागा शोधली. कुलाब्याच्या दक्षिण-आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, अलिबाग. पाण्याच्या या अंतराने मुंबईचा विजेचा गोंगाट तिथवर पोचत नव्हता आणि हवापाणी, अक्षांश जवळपास तेच राहत होते. पण घर कशाचे बांधायचे? आपल्या कोकणातला काळा दगड बेसाल्ट. त्यात लोहाचे चुंबकीय खनिज असते. होकायंत्र त्याच्याजवळ नेले तर काही ठिकाणी सुई सरळ फिरते. जांभ्यातही लोह भरपूर. जिथे पावलोपावली दगड मिळतो तिथे घराचा दगड सौराष्ट्रातून, पोरबंदरहून आणावा लागला. तो पिवळसर पांढरा चुनखडीचा दगड निवडून घेतला, त्यात चुंबकत्व नाही याची खात्री केली. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, खिळे पितळेचे, तांब्याचे आणि गनमेटलचे. पितळेवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ओतकामात लोखंडाचा अंश मिसळलेला असतो, आणि एखादा स्क्रू वरून पिवळाधमक दिसला तरी संवेदकाजवळ नेताच उघडा पडतो. चुंबकीय वेधशाळेत एकेक वस्तू अशी पारखून आत घ्यावी लागते. ही पारख १९०४ साली अलिबागला झाली म्हणून ते घर आजही उपयोगी आहे.

मूस यांचे मोठेपण मला त्या घराहूनही पुढच्या दोन वर्षांत दिसते. अलिबाग १९०४ साली सुरू झाले, पण कुलाबा बंद झाले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू राहिली. दुहेरी माणसे, दुहेरी कागद, दुहेरी गणिते. त्यातून दोन जागांमधला फरक ऋतूऋतूत, शांत दिवशी आणि वादळात किती असतो ते ठरले, आणि कुलाब्याची साठ वर्षांची मालिका अलिबागला जोडली गेली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकीय वेधशाळा आपले बिऱ्हाड हलवून मोकळी झाली होती. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदींचे दोन भले मोठे खंड काढले. वादळांची वर्गवारी करून, अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी चाल त्यांनी त्यात दाखवली. चुंबकीय वादळांचा सिद्धांत पुढे ज्यांनी मांडला त्यांना ही सामग्री उपयोगी पडली.

उपकरणे लहान होण्याचा खरा टप्पा याच सुमारास युरोपात आला. १८८७ साली इंग्लंडमध्ये सी. व्ही. बॉइज यांनी क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा काढण्याची युक्ती शोधली: वितळलेल्या क्वार्ट्झचा थेंब बाणाच्या शेपटीला लावून धनुष्यातून बाण सोडायचा, बाण उडताना थेंबातून धागा ओढला जातो. हा धागा रेशमासारखा दमट हवेत सैलावत नाही, पीळ दिला आणि सोडला की जिथल्या तिथे परत येतो. आता लहानसा चुंबक टांगायला हरकत राहिली नाही. जर्मनीत पॉट्सडॅमला एशेनहागेन यांनी छोटे चुंबक आणि क्वार्ट्झचे धागे यांवर उपकरणे बांधली. डेन्मार्कमध्ये ला कूर यांनी १९३२-३३ च्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षासाठी पेटीत घालून नेता येतील अशी नोंदणीयंत्रे तयार केली. या जातीची यंत्रे, तशीच मॉस्कोच्या इझमिरान घडणीची, भारतीय वेधशाळांतही कामाला लागली.

ला कूर यांचेच आणखी एक उपकरण म्हणजे क्वार्ट्झ क्षैतिज चुंबकमापी. ते एका नळीएवढे: आत क्वार्ट्झचा धागा, त्याला लहानसा चुंबक आणि आरसा. धाग्याला ठरावीक पूर्ण वळसे देऊन चुंबक किती ढळतो ते पाहायचे. काही मिनिटांत क्षितिजसमांतर बल मिळते, तेही उत्तम बारकाईने. पण त्या धाग्याचा गुणांक आपल्या आपण कळत नाही. तो दुसऱ्या मापाशी ताडूनच घ्यावा लागतो, आणि वर्षे गेली की थोडा सरकतोही. म्हणून जगभरचे हे चुंबकमापी डेन्मार्कच्या रूडे स्कोव वेधशाळेच्या मापाशी ताडून घेतले जात. जे आटोपशीर आहे त्याला मोठ्याचा आधार लागतो, हे या उपकरणाइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही.

मधल्या दशकांत कुलाबा-अलिबागची वेधशाळा भारतीय हवामान खात्याच्या छत्राखाली होती. १९७१ साली तिचे भारतीय भूचुंबकत्व संस्थान या स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले आणि बी. एन. भार्गव तिचे पहिले संचालक झाले. मुख्यालय पुढे कुलाब्याहून नवी मुंबईत नवीन पनवेलला गेले. नागपूर, राजकोट, जयपूर, विशाखापट्टणम, पुदुच्चेरी, तिरुनेलवेली, सिलचर, शिलाँग, गुलमर्ग, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी वेधशाळा उभ्या राहिल्या आणि अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळांवरही संस्थानाची माणसे उपकरणे घेऊन गेली. अवजड पट्ट्यांच्या काळात हे जाळे पेललेच नसते.

या विस्ताराला ज्या उपकरणाने हात दिला ते प्रोटॉन चुंबकमापी. पॅकार्ड आणि व्हेरियन यांनी १९५४ साली त्याचे तत्त्व दाखवले, आणि संस्थानाने पुढे आपल्या उपकरण विभागात असे चुंबकमापी स्वतः घडवले. त्याची रचना बघण्यासारखी आहे. रॉकेल, पाणी किंवा हायड्रोजन भरपूर असलेल्या अशाच एखाद्या द्रवाची बाटली. तिच्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. गुंडाळीतून काही सेकंद जोराचा प्रवाह सोडला की द्रवातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांपैकी काही थोडे एका दिशेला वळतात. प्रवाह एकदम तोडायचा. मग हे प्रोटॉन कलत्या भोवऱ्यासारखे पृथ्वीच्या क्षेत्राभोवती घुमू लागतात, आणि त्याच गुंडाळीत मायक्रोव्होल्टच्या पातळीवरचा क्षीण संकेत उमटतो. अलिबागच्या क्षेत्रात त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे १८३० येते, कानाला ऐकू येईल अशी. एक-दोन सेकंदांत तो विझतो. तेवढ्या अवधीत वारंवारता मोजायची.

यातले मर्म असे की वारंवारता आणि क्षेत्र यांच्यातले नाते प्रोटॉनच ठरवतो. ते अलिबागला, शिलाँगला, अंटार्क्टिकावर एकच. बाटली बदलली, गुंडाळी बदलली, तापमान बदलले, तरी ते बदलत नाही. गाउसने जे खटाटोपाने मिळवले ते निरपेक्ष माप आता बाटलीभर द्रवात आले. घडवणाऱ्याची कसोटी मात्र वेगळीच असते. एक दशांश नॅनोटेस्ला ओळखायचा तर वारंवारता सेकंदाला ०.००४ आंदोलनांइतकी नेमकी कळायला हवी, आणि तीही विझत चाललेल्या संकेतातून. जवळच्या विजेच्या तारांची घरघर त्याहून कितीतरी मोठी असते. म्हणून गुंडाळ्या दोन घ्यायच्या, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या: बाहेरून आलेला त्रास दोन्हीत विरुद्ध येऊन कटतो, प्रोटॉनांचा संकेत मात्र जुळून वाढतो. मग धारित्राने गुंडाळी त्या वारंवारतेला लावून घ्यायची. नागपूरला एक, तिरुनेलवेलीला दुसरी, कारण दक्षिणेकडे क्षेत्र कमी होत जाते. या उपकरणाचे एक उणे आहे: ते एकूण तीव्रता सांगते, दिशा सांगत नाही.

दिशेचे काम फ्लक्सगेटने उचलले. १९३० च्या दशकात जर्मनीत आणि लगोलग अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्या शोधायला ते वापरले गेले. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या पातळ फितीचे काही सेंटिमीटर व्यासाचे कडे, हा त्याचा गाभा. त्यावरच्या गुंडाळीतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून तो गाभा आलटून पालटून दोन्ही बाजूंना पुरता संपृक्त करायचा. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू सारख्या. क्षेत्र असेल तर एका बाजूला गाभा आधी भरतो, आणि बाहेरच्या गुंडाळीत मूळ प्रवाहाच्या दुप्पट वारंवारतेचा संकेत दिसू लागतो. तो शून्य होईपर्यंत उलट क्षेत्र द्यायचे; जेवढे द्यावे लागले तेवढे पृथ्वीचे. एका दिशेला एक संवेदक, असे तीन बसवले की सारे घटक मिळतात, सेकंदासेकंदाला, एक दशांश नॅनोटेस्लापेक्षाही बारीक.

पण फ्लक्सगेट लहान करणाऱ्याला गाभ्याशी झगडावे लागते. गाभा लहान झाला की त्याचा स्वतःचा खळखळाट वाढतो. तीन संवेदक जवळ आणले की एकाचे उलट क्षेत्र दुसऱ्याला छेडते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने यावर सुंदर तोड काढली: तिन्ही संवेदक एका छोट्या गोलाकार गुंडाळीच्या आत ठेवायचे आणि आतले संपूर्ण क्षेत्रच शून्य करायचे. १९९९ साली ओर्स्टेड उपग्रहावर हा संवेदक गेला. तापमानाचेही पाहावे लागते. तांबे दर अंशाला लाखात दीड-पावणेदोन भाग प्रसरण पावते. ऐकायला नगण्य, पण ३८ हजार नॅनोटेस्लांच्या क्षितिजसमांतर बलाला समतोल ठेवणारी गुंडाळी तेवढी फुगली की वाचन अर्ध्या नॅनोटेस्लाहून जास्त सरकते. आणि ज्या खांबावर संवेदक बसवला आहे तो पावसाळ्यात माती भिजून एका विकलेइतका, म्हणजे एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाइतका कलला, तरी फरक ०.२ नॅनोटेस्लापर्यंत जातो. म्हणून काही नमुन्यांत संवेदक टांगून ठेवतात, खांब कलला तरी तो ओळंब्यात राहावा म्हणून. पोरबंदरचा दगड, जाड भिंती, एकसारखे तापमान: मूस यांच्या घराची गरज मुठीएवढ्या संवेदकालाही तेवढीच आहे.

त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी निरीक्षकाला निरपेक्ष मापनाच्या खोलीत जावेच लागते. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, मोबाइल, पेन बाहेर. चष्म्याची दांडी, बुटातली पोलादी पट्टी, शर्टाचे बटणही आधी तपासून घेतलेले. आत दगडी खांबावर चुंबकत्वमुक्त थिओडोलाइट, आणि त्याच्या दुर्बिणीच्या पाठीवर एकच फ्लक्सगेट संवेदक. प्रथम खिडकीतून दूरच्या खुणेवर नजर लावायची. तिची खरी दिशा आधी वेध घेऊन ठरवलेली असते. मग दुर्बीण आडवी धरून, संवेदकाचे वाचन शून्य होईल तिथपर्यंत सावकाश फिरवायची. शून्य म्हणजे संवेदक क्षेत्राला बरोबर काटकोनात. हे एकदा करून भागत नाही. संवेदक दुर्बिणीच्या वर ठेवून, खाली ठेवून, दुर्बीण पूर्वेला, मग पश्चिमेला, अशी चार वाचने. संवेदक दुर्बिणीशी हुबेहूब समांतर कधीच बसत नाही. चार वाचनांची सरासरी घेतली की ती चूक आपोआप निघून जाते. मग उभ्या पातळीत याच चार चाली, नतीसाठी, म्हणजे क्षेत्र क्षितिजाशी करते त्या कोनासाठी. शेजारच्या खांबावर प्रोटॉन चुंबकमापी एकूण तीव्रता देत असतो. या तिन्हींवरून त्या क्षणीचे खरे मूल्य काढायचे आणि सलग नोंद करणाऱ्या फ्लक्सगेटची आधाररेषा त्याच्याशी जुळवायची. संवेदक एकटा सोडला तर तो बारीकातला बारीक बदल दाखवेल, पण वर्षाकाठी कितीने सरकला ते त्याला स्वतःला सांगता येणार नाही.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात चुंबकमापी आहे. साधारण मोबाइलमधल्या चिपची पायरी शंभर ते तीनशे नॅनोटेस्लांची असते. अलिबागचा रोजचा चढउतार तिला दिसणार नाही. १८५९ सारखे वादळ मात्र दिसू शकेल. दुसऱ्या टोकाला इस्रोचे आदित्य-एल१ यान आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते निघाले. कुलाब्याच्या पट्ट्या बिथरल्या तीही तारीख २ सप्टेंबर. बंगळुरूच्या प्रयोगशाळेने त्यासाठी घडवलेला चुंबकमापी सहा मीटर लांबीच्या दांड्यावर आहे, आणि ११ जानेवारी २०२४ रोजी तो दांडा उलगडला गेला. तिथे, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडून येणारे क्षेत्र सहसा पाच-दहा नॅनोटेस्लांचेच असते. यानाच्या आतल्या तारा, मोटारी आणि विद्युतघट त्याला सहज झाकून टाकतील. म्हणून दांडा. आणि संवेदकांचा एक संच टोकाला, दुसरा निम्म्यावर, तीन मीटरवर, म्हणजे दोघांच्या वाचनातल्या फरकावरून यानाचा स्वतःचा त्रास ओळखून वजा करता येतो. मूस यांनी मुंबईपासून ३० किलोमीटर अंतर घेतले, दोन ठिकाणी एकाच वेळी मोजले आणि फरक काढला. विचार तोच आहे, अंतराचे प्रमाण तेवढे बदलले.

सौरवारा त्या यानापाशी आल्यावर पृथ्वीवर पोचायला साधारण तासभर लागतो. वादळ किती मोठे होणार याचा अंदाज तिथल्या आकड्यांवरून करायचा, आणि ते प्रत्यक्षात किती मोठे झाले ते अलिबागच्या जमिनीवर मोजायचे. अंदाज बांधण्याची सूत्रे जुन्या वादळांवर घासून घ्यावी लागतात, आणि फार मोठी वादळे शतकात मोजकीच येतात. संस्थानाकडे कुलाबा आणि अलिबागच्या फोटोग्राफिक कागदांचा साठा आहे. छापील खंडांत त्यातून फक्त तासातासाची मूल्ये काढून घेतलेली. कागदावरच्या रेषेत मिनिटामिनिटाची हालचाल अजून आहे. ते कागद स्कॅन करून, रेषेवर बिंदू धरून, त्या काळच्या आधाररेषा आणि तापमानाच्या दुरुस्त्या लावून आकड्यांत आणण्याचे काम सध्या चालू आहे. ज्या निरीक्षकांनी दर वाचनाशेजारी तापमान लिहून ठेवले, त्यांच्या वह्या या कामात रोज उघडाव्या लागतात.